पार्कला जायच्या आधी राईडचं रिझर्व्हेशन समजून घ्या

नमस्कार मंडळी. सुट्टीचं बुकिंग सुरू झालं की आमच्या टूरच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो, डिस्ने, युनिव्हर्सलसारख्या थीम पार्कचं तिकीट तर काढलंय, मग परत हे एक्सप्रेस, फास्टट्रॅक, लाइटनिंग लेन (म्हणजे जादा पैसे भरून वेगळ्या, छोट्या लाइनीतनं राईडला जायची सोय) कशाला, हे वरचे पैसे कशाचे? प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, प्रवासाला निघायच्या आधी घरात सगळ्यांनी वाचा.

आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत कसं असतं बघा, होम मैदानावर प्रत्येक पाळण्याचं तिकीट वेगळं, ज्यात बसायचं त्याचेच पैसे. कॅलिफोर्नियात १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथंपण दर राईडला वेगळे पैसे होते, नंतर कूपनचं पुस्तक आलं आणि १९५९ पासून सगळ्यात भारी राईडला 'ई' कूपन लागायला लागलं. १९८२ ला कूपनं बंद केली, एकच तिकीट, पाहिजे तेवढ्या राईड. तेव्हापासून भारी राईडची किंमत आपण लाइनीत उभं राहून द्यायला लागलो, आणि आता एक्सप्रेस घेतला की तीच किंमत परत पैशात, म्हणजे फिरून गड्ड्याचाच हिशोब झाला.

मधे एक फुकटचा काळ पण होता. १९९९ ला फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधे फास्टपास आला, मशीनमधे तिकीट घातलं की चिठ्ठी निघायची, या या तासात परत या म्हणून. तिथनं लोकांची चालच बदलली, आधी गेट उघडलं की सगळं घर मोठ्या राईडकडं पळायचं, मग घरातला एकजण सगळ्यांची तिकिटं घेऊन मशीनकडं पळायला लागला आणि बाकीचे निवांत नाश्त्याला. २०१४ पर्यंत हे सगळं मोबाइलवर गेलं, त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्याला ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी राईड धरता यायच्या. २०२१ पासून पैसे लागतात. २०२४ च्या जुलैपासून नाव लाइटनिंग लेन मल्टी पास, त्यांच्या हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, फ्लोरिडात सकाळी ७ वाजता बुकिंग उघडतं. तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि थंडीत साडेपाच वाजलेले असतात, त्या टायमाला फोन हातात पाहिजे, कार्डावर परदेशी व्यवहार चालू पाहिजे आणि घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच अकाउंटला जोडलेली पाहिजेत. ऐन वेळी यातलंच काहीतरी अडकतं, म्हणून आठवडाभर आधीच तपासून घ्या.

आता मुद्द्याचं. रिझर्व्हेशननं गर्दी कमी होत नाही. समजा एका राईडमधे तासाला १००० माणसं बसतात आणि तुमच्या पुढं लाइनीत ६०० जण आहेत, तर ३६ मिनिटांत नंबर लागायला पाहिजे. पण त्या तासाच्या ७०० जागा पासवाल्यांना दिल्या असतील तर साध्या लाइनीला उरतात ३००, म्हणजे तेच ६०० जण पुढं असताना दोन तास. तिरुपतीला ३०० रुपयांच्या दर्शनाचा स्लॉट घेऊन गेलेल्यांना हे लगेच कळेल, दर्शन घेणारी माणसं तितकीच, फक्त कोण किती वेळ थांबणार ते घरूनच ठरलेलं असतं. म्हणून पास न घेता जायचं असेल तर जरूर जा, पण मग दुपारी मोठ्या राईडच्या वाटेला जाऊ नका.

आम्ही ग्रुपला हेच सांगतो की पास सगळ्या राईडसाठी वापरायचा नाही. जिथं दिवसभर लाइन हटत नाही अशा दोन-तीन राईडनाच स्लॉट घ्या, गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचून स्लॉट नसलेली एक मोठी राईड लगेच उरकून टाका, जेवण साडेअकराला करून घ्या म्हणजे सगळे जेवायला जातात तेव्हा तुम्ही मोकळे. बंद व्हायच्या आधीचा तास तर सोन्यासारखा असतो आणि आपली माणसं नेमकी तेव्हाच थकून हॉटेलवर निघतात, त्यापेक्षा दुपारी दोन तास आराम करा आणि संध्याकाळ राखून ठेवा. मागं एका कुटुंबाचे स्लॉट आम्ही एकाला एक लागून घेतले होते, पार्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कागदावर छान दिसत होतं पण आजींना ते चालणं झेपलं नाही आणि दोन स्लॉट वाया गेले, त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन स्लॉटमधे किमान दीड तास ठेवतो आणि शक्यतो एकाच भागातल्या राईड घेतो.

सगळीकडं वेळ धरावी लागते असं पण नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सलच्या एक्सप्रेसला वेळेचं बंधन नाही, कधीही जा, फक्त साध्यात प्रत्येक राईड एकदाच आणि अनलिमिटेडमधे कितीहीदा, भाव तारखेप्रमाणे बदलतो. टोकियो डिस्नेचा प्रीमियर अ‍ॅक्सेस मात्र आत शिरल्यावरच अ‍ॅपवर घेता येतो, म्हणून तिथं सकाळी लवकर जाणं आलंच, आणि रोमिंग व पॉवर बँक पण.

आपल्याला जवळचं म्हणजे हैदराबादचं वंडरला आणि खोपोलीचं इमॅजिका. दोन्हीकडं जादा पैसे भरून वेगळी लाइन मिळते, पण शाळा चालू असताना मंगळवार-बुधवारी गेलात तर आमच्या मते ते पैसे वाचवा आणि पोरांना चांगलं खायला घाला. मे महिना, दिवाळीची सुट्टी किंवा रविवार असेल तर घ्याच.

आणि लहान लेकरू असेल तर काउंटरवर विचारा की आईबाप आळीपाळीनं बसू शकतात का. युनिव्हर्सल, डिस्ने दोन्हीकडं ही सोय आहे, एकजण बाळाजवळ थांबतो, नंतर दुसऱ्याला परत पूर्ण लाइन लावावी लागत नाही, आणि याला पैसे लागत नाहीत.

बुकिंगला येताना पोरांची उंची मोजून आणा, कारण उंची कमी असली तर स्लॉट असूनपण बसू देत नाहीत, आणि घरातलं कोण किती चालू शकतं ते मोकळेपणानं सांगा. त्यावरनंच आम्ही कुठली राईड धरायची ते ठरवतो.