नटाच्या ड्रॉइंगवरचे दोन गोल

मृग तोंडावर आला की आमच्या यवतमाळकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत तिफणी, डवरे आणि पेरणी यंत्रांची रांग लागते. अशातच एकदा पेरणी यंत्राच्या पट्ट्यांचं काम आलं, सोबत ड्रॉइंग. पट्टीला छिद्र पाडून मागून १२ एमएमचा नट पक्का करायचा होता. हाताखालच्या पोरानं विचारलं, "भाऊ, हा गोल कायचा व्हय?" मी म्हटलं, नटाभोवती फिरवून मार. ते चुकलं. गोल कुठे काढलाय, तेच मी पाहिलं नव्हतं.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या खुणांच्या पद्धतीत ड्रॉइंगवर एक आडवी रेषा असते आणि तिच्यापासून सांध्याकडे बाण जातो. बाण रेषेला मिळतो त्या कोपऱ्यावर छोटा गोल असला, तर अर्थ 'चहूबाजूंनी'. वेल्ड कोणता, हे तो सांगत नाही. ते रेषेवरच्या चिन्हावरून कळतं. नटाच्या कडेला रॉडनं भरायचं असेल तर तिथे त्रिकोण, म्हणजे फिलेट. त्रिकोण रेषेखाली असेल तर वेल्ड बाणाच्या बाजूला, वर असेल तर पलीकडे.

दुसरा गोल खुद्द रेषेवर किंवा तिला टेकून असतो आणि तो स्वतःच वेल्डचं चिन्ह आहे. रेषा गोलाच्या मधून गेली आणि शेपटीत, म्हणजे रेषेच्या बाणाविरुद्धच्या टोकाला, आरएसडब्ल्यू (रेझिस्टन्स स्पॉट वेल्डिंग) लिहिलं असेल, तर मशीनवरचा स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यापुरता जोड. गोल रेषेच्या वर किंवा खाली आणि शेपटीत पीडब्ल्यू, तर प्रोजेक्शन वेल्ड, म्हणजे उंचवट्यांवरचा जोड. आमच्या ड्रॉइंगवर हाच होता. त्याला साधा नट चालत नाही. वेल्ड नट लागतो, ज्याच्या बैठकीवर बारीक उंचवटे असतात. करंट त्या उंचवट्यांतूनच जातो, ते तापून मऊ होतात आणि दाबाखाली नट पट्टीला बसतो. हे काम आमच्या रॉडच्या मशीनचं नाहीच.

मग आपल्या दुकानासाठी ड्रॉइंग काढताना काय निवडायचं? माझ्या मते त्रिकोण, पण कोपऱ्यावरचा गोल सहसा नको. बोल्टचं डोकं पट्टीच्या एका बाजूला आणि नट दुसऱ्या बाजूला असेल, तर आवळताना नट पट्टीवरच दाबला जातो. वेल्डला फक्त नट फिरू न देण्याचं काम उरतं. त्याला तीन बाजूंवर छोटे टाके पुरतात, आणि तसं शेपटीत लिहावं. पूर्ण फिरवलं की उष्णतेनं नट ओढला जातो, आटे आवळतात आणि ऐन पेरणीत शेतकऱ्याचा बोल्ट अडतो. बोल्ट ओढल्यावर नट पट्टीपासून सुटू पाहत असेल, तर मात्र सगळा भार वेल्डवर येतो. तिथे टाक्यांवर भागवू नका.

नटावर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डच्या जागी आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका.

गोलात फुली दिसली तर तो स्टड वेल्ड. तिथे नट नाही, बहुधा आट्यांचा दांडाच पत्र्यावर उभा जोडायचा असतो.