आयर्लंडला मित्रांबरोबर निघताय? पब आणि गावाकडच्या रस्त्यांविषयी

आमच्याकडे आयर्लंडची चौकशी करणारे बहुतेक ग्रुप आधी एकच विचारतात, "आठ दिवसांत काय काय बघून होईल?" आमचा आग्रह असतो की ठिकाणं कमी करा. डब्लिनला एक-दोन रात्री पुरेत, बाकीचे दिवस पश्चिमेकडच्या क्लेअर आणि केरी या काउंटींना (म्हणजे जिल्ह्यांना) द्या. एका गावात निदान दोन रात्री तरी काढा. दुसऱ्या संध्याकाळी पबवाला स्वतःहून विचारतो, "आज कुठे फिरून आलात?" तिथून पुढची सहल वेगळीच होते.

पबमध्ये

गावातला पब ही चार माणसं भेटायची जागा आहे. पूर्वी किराणा, हार्डवेअर आणि बार एकाच छताखाली चालत. केरीतल्या डिंगल गावच्या फॉक्सी जॉन्स पबमध्ये आजही एका बाजूला हार्डवेअरचं सामान आणि दुसऱ्या बाजूला बार आहे. तिथे कुणी "व्हॉट्स द क्रॅक?" म्हणालं तर दचकू नका. क्रॅक म्हणजे गप्पा, मजा, हालहवाल.

आपल्याकडे मित्र कॉन्ट्री काढतात, तिथे राउंड असतो. एकाने सगळ्यांचं आणायचं, मग पाळी दुसऱ्याची. पाळी चुकवलेली लोक बोलून दाखवत नाहीत, पण लक्षात ठेवतात. न पिणाऱ्यानेही आपला राउंड द्यावा. त्याने स्वतःसाठी चहा किंवा ‘मिनरल’ (सॉफ्ट ड्रिंकला तिथे हाच शब्द) मागवला तर कुणालाही वावगं वाटत नाही. सहा जणांचे सहा राउंड झालेच पाहिजेत असंही नाही. मोठ्या ग्रुपने तिघातिघांचे दोन गट करावेत, हे आमच्या अनुभवाचं सांगणं.

गिनेस (तिथली काळी बिअर) मागवलीत तर थोडा धीर धरा. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि बाजूला ठेवतात. आत तपकिरी ढग खाली उतरताना दिसतात, हळूहळू काळा रंग बसतो, वर साय धरते. मग उरलेला ग्लास भरतात. दोन मिनिटं लागतात. काउंटरवरचा तो पाऊण ग्लास उचलू नका.

क्लेअरमधल्या डूलिनसारख्या गावात संध्याकाळी ‘सेशन’ असतं, म्हणजे जमून वाजवणं. फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची बासरी), बोरान नावाची हातात धरायची डफासारखी चामड्याची चकती. वादक स्टेजवर नसतात, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. त्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नका. आपल्या भजनात कुणीही टाळ उचलतो, इथे मात्र बोलावल्याशिवाय ठेका धरायचा नाही. कुणी एकटं गायला लागलं की अख्खा पब गप्प होतो, तेव्हा आपणही बोलणं थांबवावं.

गप्पांना धागा हवा असेल तर तो मालवणातूनच निघतो. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. तुम्ही सिंधुदुर्गातले असाल तर जरूर सांगा.

जेवणाचं मात्र सांभाळा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचं भान राहत नाही, आणि गावातल्या पबचं स्वयंपाकघर बरेचदा नऊच्या आत बंद होतं. आमचा एक ग्रुप असाच एका रात्री वेफर्सवर झोपला. शाकाहाऱ्यांना भाज्यांचं सूप आणि सोडा ब्रेड बहुतेक ठिकाणी मिळतो, पण सुपात चिकनचं पाणी आहे का, हे विचारून घ्या.

रस्त्यावर

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. पण गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्येच मेंढ्या. अशा स्थानिक रस्त्यांवर फेब्रुवारी 2025 पासून ताशी 60 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि वळणांवर तेवढाही वेग जास्तच होतो. समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार असतो. तुम्हीही उचला. डिंगलजवळच्या कॉनर पास घाटात मोठ्या गाड्यांना बंदी आहे, म्हणून आम्ही मिनीबसऐवजी दोन लहान गाड्या देतो. चालवणाऱ्याने त्या दिवशी एक थेंबही घ्यायचा नाही, ही आमची अट आहे.

क्लेअरच्या समुद्रकाठचे मोहरचे कडे 214 मीटर उंच आहेत. तिथे दुपारी बसगाड्यांची गर्दी असते, म्हणून आम्ही संध्याकाळी नेतो. पावसाचं जाकीट भर उन्हाळ्यातही बरोबर ठेवा.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) आयर्लंडला चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. बुकिंग करताना शाकाहारी किती आणि गाडी चालवणारे किती हे सांगा. मुलं बरोबर असतील तर तेही आधी कळवा, कारण 18 वर्षांखालच्यांना रात्री 9 नंतर (मे ते सप्टेंबर 10 नंतर) बारमध्ये थांबता येत नाही. मग राहायची जागा आम्ही पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर बघतो.