10 बाय 10 च्या खोलीत उजेड किती पडणार, ते आधीच काढता येतं

बल्ब घेताना आपण फक्त वॅट बघतो, पण छोट्या खोलीत उजेड किती होणार हे बल्बाइतकंच भिंतींवर ठरतं.

आपली नेहमीची 10 बाय 10 ची खोली घ्या, म्हणजे ढोबळ 3 मीटर बाय 3 मीटर, उंचीही 3 च धरू. 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 लुमेन प्रकाश देतो (बॉक्सवर लिहिलेलं असतं, वॅटपेक्षा तो आकडा बघा). एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की झाला एक लक्स, म्हणून वाटतं की 900 ला फरशीच्या 9 ने भागलं की 100 लक्स, संपलं. पण उघडा बल्ब काय फक्त फरशीवर प्रकाश टाकत नाही ना, भिंती आणि छत धरून सगळे मिळून 54 चौरस मीटर होतात, म्हणजे थेट उजेड सरासरी जेमतेम 17 लक्स!

बाकीचा मिळतो तो भिंतींवरून परत येणारा. समजा सगळं मिळून सरासरी 50 टक्के परावर्तन आहे, तर पडलेल्यातला अर्धा परत खोलीत येतो, त्यातला अर्धा पुन्हा, मग त्याचाही अर्धा, असं करत बेरीज दुप्पट होते, 33 लक्स. सूत्र एवढंच, थेट उजेडाला 1 वजा परावर्तन याने भागायचं. आता पांढरा रंग मारून सरासरी 70 टक्क्यांवर नेली तर 0.3 ने भागायचं, झाले साधारण 56 लक्स. बल्ब तोच, बिल तेच. मला तर वाटतं रंग निवडताना दुकानात हे सांगायलाच हवं, विशेषतः ज्या खोल्यांत दिवसाही लाइट लावावा लागतो तिथे.

प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं, कपाटं आणि पडदे उजेड खातात, बल्बवर धूळ बसते, रात्री उघड्या खिडकीतून तो बाहेर जातो. म्हणून इंजिनिअर लोक फक्त जुनेपणा आणि धुळीसाठीच 0.8 च्या आसपासच्या आकड्याने गुणतात.

आणि अभ्यासाला साधारण 300 लक्स हवेत असं धरतात, ते सरासरीतून येणारच नाहीत. त्यासाठी तोच बल्ब टेबलापासून अर्ध्या मीटरवर आणा, अंतराच्या वर्गाच्या नियमाने (अंतर अर्धं केलं की उजेड चौपट) थेटच 285 लक्सच्या आसपास मिळतात, शेड असेल तर आणखी जास्त.