तंद्री आणि स्क्रोलिंग: दोन्ही टाइमपासच का?

कविता लिहिणारा एक जण तिसऱ्या ओळीपाशी अडतो, पेन ठेवतो आणि छताकडे बघत बसतो. दुसराही तसाच अडतो, पण तो मोबाइल उचलतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही काम सोडून बसलेले दिसतात. विचारलं तर ‘जरा डोकं मोकळं करतोय’ हे उत्तरही दोघांचं सारखंच. माझ्या मते ते खरं फक्त पहिल्याच्या बाबतीत आहे.

पुढचा विचार कुठून येतो, ते बघा. तंद्रीत तो आतून येतो: एका आठवणीला लागून दुसरी, तिच्यावरून भलतंच काहीतरी. वरवर दिशाहीन वाटतं, पण मेंदू स्वस्थ बसलेला नसतो. अमेरिकी मेंदूतज्ज्ञ मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली. बाहेरच्या कामात लक्ष गुंतलेलं नसताना मेंदूचे काही भाग उलट जास्त सक्रिय असतात. आठवणी जुळवणं, पुढचं कल्पून बघणं याच्याशी त्या भागांचा संबंध आहे.

स्क्रोल करताना मात्र पुढचं काय ते अल्गोरिदम ठरवतो. शिवाय थांबायला जागाच नसते. इंटरफेस डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ मध्ये पान कधी संपतच नाही अशी स्क्रोलची सोय तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. पान संपलं की ‘चला, उठू या’ असं वाटायचा जो क्षण असायचा, तोच गेला.

ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, अचानक सुचणं, पडताळणी. घोळ होतो तो दुसऱ्या टप्प्यात. काम बाजूला ठेवलं की कल्पना मुरते, मग कसंही बाजूला ठेवलं तरी चालेल, असा आपला सोयीस्कर समज असतो. २०१२ मधल्या एका प्रयोगात लोकांना रोजच्या वस्तूंचे अनपेक्षित उपयोग सुचवायला सांगितले होते. मधल्या सुट्टीत ज्यांना डोक्याला ताण नसलेलं सोपं काम दिलं, त्यांना परतल्यावर जास्त सुचलं. तेही आधी डोकं चालवलेल्या वस्तूंबाबतच, नव्या वस्तूंबाबत नाही. म्हणजे आधी काही घातलंच नसेल तर मुरणार काय? (नंतर हा प्रयोग करून पाहणाऱ्या सगळ्यांना तोच निकाल मिळालेला नाही, त्यामुळे तो ब्रह्मवाक्य समजू नये.)

स्क्रोलिंगनंतर परत कामाला बसणंही जड जातं. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर थोडं लक्ष पहिल्यातच अडकून राहतं. अर्धा वाचलेला मेसेज, न दिलेलं उत्तर, कुणाचा तरी वाद हे सगळं मग तिसऱ्या ओळीच्या आड येतं.

पण तंद्रीचे गोडवेही फार गायला नकोत. २०१० मधल्या एका मोठ्या पाहणीत लोकांचं मन जागेपणीच्या जवळपास ४७ टक्के वेळा हातातलं काम सोडून दुसरीकडे असल्याचं आढळलं आणि तेव्हा ते कमी आनंदी होते. तीच काळजी उगाळत बसणं म्हणजे सर्जनशील तंद्री नव्हे. तसंच एखादा संदर्भ शोधायला उचललेला मोबाइल हे कामच आहे, तेवढा संदर्भ मिळाल्यावर तो खाली ठेवला तर.