परदेशातून दत्तक आलेलं मूल: सीमाभागाची पार्श्वभूमी

परदेशी स्थिरावलेलं खानापूर-निपाणीकडचं एखादं जोडपं तिथलं मूल दत्तक घेऊन गावी येतं, तेव्हा आजी-आजोबांनी त्याला केव्हाच आपलं मानलेलं असतं. सरकार कधी मानणार, हा प्रश्न उरतो. आमच्या मुलखात तो जुनाच आहे.

सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई वारले. त्यांनी घेतलेला दत्तक शिवलिंगप्पा कंपनी सरकारने नाकारला आणि राणी चन्नम्मा लढायला उभ्या राहिल्या. २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. डलहौसीने असाच दत्तक नाकारून सातारा खालसा केला तो यानंतर चोवीस वर्षांनी.

राजघराण्यांचं हे असं. रयतेच्या दत्तकाला मात्र इंग्रजी कोर्टं हिंदू कायद्याप्रमाणे मान्यता देत. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे विधवेला नवऱ्याची परवानगी नसली तरी दत्तक घेता येई; लग्न झालेला, पोरंबाळं असलेला पुरुषही दत्तक जाई. मोडीतली तशी दत्तकपत्रं जुन्या घरांतून अजून निघतात: देणारा, घेणारा, खाली पंचांच्या सह्या.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. भाषेचं ते दुःख अजून ताजं आहे. त्याच वर्षी २१ डिसेंबरला हिंदू दत्तक व पोटगी कायदा आला. मुलगी दत्तक घेणं कायदेशीर झालं, दत्तहोमाची, म्हणजे दत्तक घेतानाच्या होमाची, सक्ती गेली, नोंदणीकृत दत्तकपत्राला वजन आलं. पण हा कायदा हिंदूंपुरता. इथल्या ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांच्या हाती बराच काळ फक्त पालकत्व होतं, म्हणजे मूल सांभाळता येई, पण कायद्याने ते त्यांचं होत नसे. बालन्याय कायद्याने, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीनंतर, त्यांनाही दत्तकाची वाट मोकळी झाली. याला फार उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशाचा विषय सर्वोच्च न्यायालयात आला तो लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, १९८४ साली. पण तिथे काळजी होती भारतातून बाहेर जाणाऱ्या मुलांची. बाहेरून आत येणाऱ्या मुलाचा विचार मागेच पडला. देशादेशांतल्या दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याला आधार मिळाला: करारातल्या एका देशात रीतसर झालेलं, तसं प्रमाणपत्र असलेलं दत्तक दुसऱ्या देशाने मानायचं.

भारतीय नागरिकांनी परदेशातलं मूल घ्यायचं तर 'कारा' या दत्तकासाठीच्या केंद्रीय प्राधिकरणाची कराराच्या कलम ५ आणि १७ खालची संमती लागते. ती मूल ताब्यात येण्याआधी घ्यायची असते, आणि नेमकी तीच 'गावी गेल्यावर बघू' म्हणून राहून जाते. मूल परदेशी पासपोर्टवर आलं तर व्हिसा लागतो. नागरिकत्व दत्तकाबरोबर आपोआप येत नाही. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. हे सगळं जुळलेलं असलं, की पुढे जमिनीच्या उताऱ्यावर वारस म्हणून नाव लावताना भाऊबंदांच्या हरकतीला उत्तर द्यायला हातात कागद असतो.