शय्याव्रण

शय्याव्रण म्हणजे शरीराच्या एकाच जागेवर सतत दाब पडल्याने त्वचा आणि तिच्याखालच्या ऊती मरून होणारी जखम. रुग्णालयात तिला सर्रास ‘बेडसोर’ म्हणतात. घरची माणसे ‘पाठीला जखम झाली’ किंवा ‘माकडहाडापाशी फुटलं’ असे सांगतात. नावात शय्या असली तरी दोष बिछान्याचाच असतो असे नाही. चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्याच्या बैठकीवर, प्लास्टरच्या कडेखाली, ऑक्सिजन मास्कच्या पट्ट्याखाली, नाकातल्या नळीने दाबलेल्या नाकपुडीवरही ही जखम होते. त्वचा फुटण्याआधीच इजा सुरू झालेली असते, म्हणून अमेरिकेतील दाबव्रणांविषयीच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये ‘प्रेशर अल्सर’ हा शब्द सोडून ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द स्वीकारला. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या केसपेपरवर हे नवे नाव दिसते. वॉर्डात बोलताना मात्र बेडसोरच.

परिचारिकांच्या स्वतःच्या संशोधनाने ज्या थोड्या विषयांत रोजचे काम बदलले, त्यांत हा विषय वरच्या क्रमांकाचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारासच लिहून ठेवले होते, की रुग्णाला शय्याव्रण झाले तर दोष बहुधा रोगाचा नसतो, परिचर्येचा असतो. हे वाक्य आजही परिचारिकांना शिकवले जाते. ते अर्धेच खरे आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. वॉर्डात हात किती आहेत हे न मोजता दोष वाटता येत नाही.

जखम होते कशी? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चिमटले जाते. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा इतकाच असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच वाढला आणि टिकला, की तिथला रक्तपुरवठा तुटतो. त्वचेपेक्षा स्नायू लवकर मरतो, म्हणून नाश पुष्कळदा हाडालगत सुरू होऊन वर येतो. वरून रुपयाएवढे तोंड दिसते आणि आत बोट घातले तर पोकळी दूरवर गेलेली असते. नातेवाइकांना हे पटत नाही. ‘काल तर एवढंसं होतं’ असे ते म्हणतात, आणि त्यांनी पाहिलेले खरेच असते. त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचे हाड), खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या नेहमीच्या जागा.

नुसत्या दाबापेक्षा कातर, म्हणजे त्वचा आणि हाड उलट दिशांना ओढले जाणे (‘शिअर’), अधिक घातक. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. पाठीची त्वचा चादरीला चिकटून तिथेच राहते, आतले हाड मात्र सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात. यासाठी डोके ३० अंशांपेक्षा जास्त उंच नको असे सांगतात. पण नाकातल्या नळीवाटे पेज किंवा दूध देताना अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून डोके ३० ते ४५ अंश उंचच ठेवावे लागते. एकाच रुग्णाच्या बाबतीत हे दोन नियम समोरासमोर येतात, आणि कोणत्या वेळी कशाला झुकते माप द्यायचे हे पलंगापाशी उभ्या असलेल्या सिस्टरला ठरवावे लागते. त्यात लघवी, शौच, घाम यांचा ओलावा आला की त्वचा भिजून नाजूक होते.

जखमेच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत त्वचा अखंड, पण लाली बोटाने दाबूनही जात नाही. दुसरीत वरचा थर सोललेला किंवा फोड आलेला. तिसरीत चरबीपर्यंत खोल. चौथीत स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) किंवा हाड उघडे. काळ्या खपलीने तळ झाकला असेल तर पायरी ठरवता येत नाही, तशीच नोंद करतात.

या पायऱ्यांतली पहिलीच पायरी आपल्याकडे अडते. ‘दाबल्यावर न जाणारी लाली’ ही खूण गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या पाठीवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट, तपकिरी, कधी नुसतीच आजूबाजूपेक्षा गडद असते, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीही हरवते. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत झालेल्या अभ्यासांत गडद वर्णाच्या रुग्णांची जखम पहिल्या पायरीवर कमी आणि पुढच्या पायऱ्यांवर जास्त नोंदली गेल्याचे आढळले. म्हणजे जखम आधीही होती, ती दिसली नाही. म्हणून डोळ्यांबरोबर हातानेही तपासावे असे आता मार्गदर्शक तत्त्वे सांगतात: संशयित जागा आणि शेजारची निरोगी जागा यांचे तापमान, कडकपणा, सूज ताडून पाहायची. हाताची मागची बाजू टेकवली की ऊब कळते, बोटांच्या पेरांनी कणकेसारखा मऊपणा किंवा दगडासारखा घट्टपणा कळतो. रुग्णाला विचारायचे तेही त्याच्या भाषेत. ‘वेदना आहे का?’ याला दौंडकडून आलेल्या आजी ‘नाही’ म्हणतील. ‘पाठ जळजळते का, ठसठसतं का, काही टोचतंय का?’ म्हटल्यावर त्या बरोबर जागेवर हात नेतील. जोखीम मोजण्याची परदेशी कोष्टके मराठीत आणताना हे शब्द सापडणे हेही संशोधनच आहे.

दर दोन तासांनी कूस बदलावी हा नियम परिचर्येच्या प्रत्येक विद्यार्थिनीला तोंडपाठ असतो. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दोन-दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायला लावली. त्याआधी असे सैनिक व्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. तिथे ते जगू लागले. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्ये जोखीम मोजण्याचे पहिले कोष्टक दिले. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचर्या-संशोधकांचे कोष्टक १९८७ मध्ये आले. त्यात संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण यांना गुण देतात. एकूण ६ ते २३, आणि १८ किंवा कमी म्हणजे धोका. जगभर आणि पुण्यातही हेच सर्वाधिक वापरतात. मात्र कोष्टक भरल्याने व्रण कमी होतात, असा भक्कम पुरावा आजवरच्या आढाव्यांत मिळालेला नाही. गुण लिहून झाल्यावर पुढे काय केले, त्यावर सारे आहे.

त्याच बर्गस्ट्रॉम यांनी पुढे दोन तासांचा नियमच तपासायला घेतला. अमेरिका आणि कॅनडातील वृद्धाश्रमांमधल्या ९४२ रहिवाशांना दाट फोमच्या गाद्यांवर ठेवून कोणाची कूस दोन, कोणाची तीन, कोणाची चार तासांनी बदलली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ ‘चार तास सोडून द्या’ असा घेणे धोक्याचे आहे. तिथल्या गाद्या चांगल्या होत्या, त्वचा प्रत्येक वेळी पाहिली जात होती, आणि ते अतिदक्षता विभागातले रुग्ण नव्हते. कापसाच्या बसक्या गादीवर रेक्झिन अंथरलेल्या पलंगाला तो निष्कर्ष लावता येत नाही.

तरी या प्रश्नाचे महत्त्व आपल्याकडे फार आहे, कारण तो हातांच्या हिशेबाचा आहे. समजा, एका वॉर्डात दहा रुग्ण स्वतः हलू शकत नाहीत. दोन तासांचा नियम पाळला तर दिवसाला १२० वेळा कूस बदलणे आले. प्रत्येक वेळी दोन माणसे आणि पाच मिनिटे धरली, तर वीस मनुष्य-तास. तीन तासांवर हाच आकडा साडेतेराच्या आत येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका हवी. अनेक वॉर्डांत रात्रपाळीला हे प्रमाण कागदावरच राहते आणि कूस बदलण्याचे काम मावशींवर, मामांवर आणि उशाशी बसलेल्या नातेवाइकांवर येते. या ओझ्याबद्दल बोलल्याशिवाय शय्याव्रणावरचे संशोधन पुरे होत नाही.

कूस बदलणे हे ओढाताणीचे काम नाही. रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, हात छातीवर घ्यायचे, खालच्या आडव्या चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, लघवीची पिशवी आणि सलाईनची नळी आधी मोकळी करायची, मग ‘आजोबा, तुम्हाला कुशीवर वळवतोय हं’ असे सांगून दोघींनी एकदम वळवायचे. चादर उचलायची, फरफटवायची नाही. पूर्ण ९० अंशांवर वळवले तर सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीमागे उशी देऊन ३० अंशांवरच थांबायचे. पोटरीखाली लांब उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. शेवटी चादरीखाली तळहात फिरवून पाहायचे: सुईचे टोपण, बिस्किटाचा चुरा, नळीची गाठ असे काहीतरी हाताला लागतेच.

काही जुन्या सवयी संशोधनाने चुकीच्या ठरवल्या, तरी त्या सुटत नाहीत. पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणे हे ‘बॅक केअर’ म्हणून पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, घामात पावडरीचे खडे होतात, आणि लाल झालेल्या जागेवर मालिश केल्याने आधीच दुखावलेल्या ऊतींना आणखी इजा होते. हातमोज्यात पाणी भरून त्याला गाठ मारून टाचेखाली ठेवणे हीही आपल्या वॉर्डांतली लाडकी युक्ती. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी असे मोजे आणि मधे भोक असलेल्या गोल उशा दोन्ही वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. उशीच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचे रक्त अडते. एका सिस्टरने आपल्या सिनिअरला हे सांगणे सोपे नसते. ज्येष्ठ सिस्टरांनी ते मोजे मायेनेच भरलेले असतात.

पुण्यात रुग्णसेवेच्या शिक्षणाला मोठी परंपरा आहे. ससून रुग्णालय १८६७ चे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने घरंदाज मुली आणि विधवा यांना परिचारिका होण्याची वाट ससूनच्या मदतीने खुली केली, तेव्हा परक्या माणसाचे अंग पुसणे समाजाला हलके काम वाटत होते. आज सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, भारती विद्यापीठ, सिंबायोसिस यांची परिचर्या महाविद्यालये शहरात आहेत. खडकीला १९७४ पासून मणक्याच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. अशा रुग्णांना खुर्चीत बसल्यावर ठरावीक वेळाने हातांवर भार घेऊन बैठक उचलणे आणि रोज आरशात स्वतःची पाठ तपासणे शिकावे लागते. संवेदनाच नसल्याने दुखून कळत नाही.

पदव्युत्तर प्रबंधांचा मात्र एक साचा देशभर ठरून गेला आहे: परिचारिकांची शय्याव्रणाबद्दलची माहिती प्रश्नावलीने मोजायची, व्याख्यान द्यायचे, पुन्हा मोजायची. गुण वाढतातच. वॉर्डातले व्रण कमी झाले का, हे पाहायला महिनोन्‌महिने रोज पाठी तपासाव्या लागतात, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते जमणे कठीण. रुग्णालयांच्या मानांकनासाठी दाखल झाल्यानंतर झालेल्या व्रणांची संख्या दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्णदिवस) नोंदवावी लागते. ही नोंद प्रामाणिकपणे झाली तर तीच उत्तम संशोधनसामग्री आहे. त्यासाठी नोंद करणाऱ्या सिस्टरला मेमो मिळणार नाही, याची खात्री हवी.

शहरातला बराच शय्याग्रस्त वर्ग आता घरीच असतो. कोथरूड किंवा सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये पक्षाघात झालेल्या आजी, मुले परगावी, दिवसा ब्युरोच्या ताई, रात्री आजोबा. पहिल्यांदा येतो तो भाड्याचा एअर बेड. त्याचा पंप सुरू झाला की कूस बदलणे मागे पडते. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१९ च्या चाचणीत हवा आलटून-पालटून भरणाऱ्या गाद्या आणि उत्तम फोमच्या गाद्या यांत निर्णायक फरक दिसला नाही. गादी मदत करते, पहारा देत नाही. दुसरी गोष्ट आहाराची. ‘पचायला हलकं’ म्हणून वरणाचे पाणी, पेज, साबुदाण्याची खीर चालू असते. व्रण असलेल्या आणि खालावलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या आजींना साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. वरणाच्या पाण्यात ती कुठून येणार? घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून.

झालेली जखम सलाईनने धुऊन ओलसर ड्रेसिंगखाली ठेवतात, मेलेला भाग काढतात. खोल जखमेला ऋणदाबाचे (जखमेतला स्राव शोषून घेणारे) यंत्र किंवा प्लास्टिक सर्जनकडून शेजारचे मांस फिरवून बसवणे लागते. भरत आलेल्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यास नव्या पेशीही मरतात. चौथ्या पायरीचा व्रण भरला तरी त्याला ‘दुसऱ्या पायरीचा’ म्हणत नाहीत. ‘भरलेला चौथ्या पायरीचा’ असेच लिहितात. तिथे स्नायू परत येत नाही, व्रणऊती (वणाची ऊती) येते, आणि तिची ताकद मूळ त्वचेइतकी कधीच होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पहिल्यांदा बसवतात ते पंधरा-वीस मिनिटेच. मग आडवे करून जागा पाहतात. लाली गेली असेल तर दुसऱ्या दिवशी थोडी मिनिटे वाढवतात.