कलावस्ती, नागरी

शहराच्या एखाद्या भागात चित्रकार, शिल्पकार, नर्तक, नाटकवाले, कारागीर यांची राहण्याची, काम करण्याची आणि काम लोकांपुढे मांडण्याची ठिकाणे एकमेकांना लागून असतात. ती टिकावीत यासाठी कायदा, पैसा किंवा मालकी यांची काही योजना केलेली असेल, तर त्या भागाला नागरी कलावस्ती म्हणता येते. या व्याख्येत योजनेला फार महत्त्व आहे. कलादालने, भिंतीचित्रे आणि वर्षातून एकदा भरणारा महोत्सव यांमुळे एखादा भाग कलेचा म्हणून ओळखला जातो खरा, पण आज तिथे काम करणारा कलावंत दहा वर्षांनी तिथेच असेल याची खात्री त्यातून मिळत नाही. ती खात्री जागेचा ताबा कोणाकडे आहे आणि भाडे कोण ठरवते, यावर अवलंबून असते.

कलावंत एखाद्या भागात जमतात ते बहुधा स्वस्ताईमुळे. बंद पडलेल्या कारखान्यांत आणि गोदामांत उंच छत, मोठ्या खिडक्या, अवजड वजन पेलणारी जमीन आणि कमी भाडे मिळते. कामाचा आवाज आणि धूळ यांवर तक्रार करणारे शेजारीही नसतात. काही वर्षांत तिथे दालने येतात, मग कॅफे, मग दुकाने आणि भागाचे नाव होते. नाव झाले की जमिनीचा भाव चढतो, भाडेकरार संपताना मालक नवा आकडा सांगतो आणि ज्यांच्यामुळे नाव झाले तेच आधी बाहेर पडतात.

न्यूयॉर्कमधला सोहो हा याचा सर्वांत अभ्यासलेला नमुना. हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेकडच्या ओतीव लोखंडी दर्शनी भागांच्या इमारतींतून 1950 नंतर छोटे उद्योग बाहेर पडू लागले आणि रिकाम्या मजल्यांवर कलावंत राहू लागले. औद्योगिक विभागात राहणे बेकायदा होते. 1961 मध्ये शहराने तडजोड काढली. इथे कलावंत राहतो, असे सांगणारी ‘ए.आय.आर.’ ही अक्षरे इमारतीवर लावायची, म्हणजे आग लागली तर वर माणूस आहे हे अग्निशामक दलाला कळावे. याच भागातून जलदगती महामार्ग नेण्याचा शहराचे बलाढ्य नियोजक रॉबर्ट मोझेस यांचा बेत 1969 मध्ये रद्द झाला. तो लढा रहिवाशांनी आणि कलावंतांनी मिळून लढला होता. त्याआधीच, 1967 मध्ये, फ्लक्सस या कलाचळवळीचे प्रवर्तक जॉर्ज मॅच्युनस यांनी सोहोतल्याच वूस्टर स्ट्रीटवरची 80 क्रमांकाची इमारत घेऊन कलावंतांची सहकारी संस्था उभी केली होती. 1971 च्या विभागीय नियमांनी अखेर कलावंतांचे वास्तव्य कायदेशीर केले. शहराच्या सांस्कृतिक खात्याचे प्रमाणपत्र असलेल्यालाच तिथे राहता येईल, अशी अट होती.

अट चांगली होती, अंमल झाला नाही. प्रमाणपत्र नसलेले सधन लोक घरे घेत गेले आणि तपासणी जवळजवळ होत नव्हती. 1982 च्या कायद्याने जुन्या औद्योगिक इमारतींतल्या भाडेकरूंना संरक्षण दिले, पण तोवर सोहोचा भाव आकाशाला भिडू लागला होता. दालने शहरातल्याच चेल्सी भागाकडे सरकली आणि त्यांची जागा कपड्यांच्या महागड्या दुकानांनी घेतली. सहकारी संस्थेत ज्यांनी मजला विकत घेतला होता ते राहिले, भाडेकरू बहुतेक गेले. डिसेंबर 2021 मध्ये शहराने नियम बदलून प्रमाणपत्र नसलेल्यांच्या वास्तव्यालाही वाट करून दिली.

तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर वेस्टबेथ आहे. बेल प्रयोगशाळांची ही जुनी इमारत 1970 मध्ये वास्तुरचनाकार रिचर्ड मायर यांनी 384 राहत्या कार्यशाळांत बदलली. पैसा कॅपलान निधीचा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीचा होता, मालकी ना-नफा संस्थेची. भाडे बाजारभावाशी बांधलेले नसल्याने आजूबाजूचा भाग महाग होत गेला, तरी आतले लोक हलले नाहीत. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांचा स्टुडिओ 1971 पासून चार दशके इथेच होता. या यशाची एक अडचणही आहे. लोक तिथेच म्हातारे झाले, घरे क्वचितच रिकामी होतात आणि प्रतीक्षायादी इतकी वाढली की ती बरीच वर्षे बंद ठेवावी लागली.

ना-नफा मालकी म्हणजे कायमची सुरक्षितता, असेही समजू नये. कॅनडातल्या टोरोंटोत 1986 पासून कलावंतांसाठी इमारती चालवणारी आर्टस्केप ही संस्था कर्जाच्या ओझ्याखाली 2023 मध्ये कोलमडली आणि तिच्या छताखालच्या कलावंतांना आपल्या जागेचे काय होणार या चिंतेत दिवस काढावे लागले. म्हणूनच करारात संस्था बुडाली तर जागा कोणाकडे जाईल, हे आधीच लिहिलेले असावे लागते.

भारतातले सर्वांत ठोस उदाहरण चेन्नईजवळच्या चोळमंडलचे. मद्रासच्या शासकीय कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांना एक गोष्ट सलत होती: शिकून बाहेर पडलेला गुणी विद्यार्थी पोटासाठी दुसरीकडे नोकरीला लागतो आणि त्याची चित्रकला सुटते. सहकारी आणि विद्यार्थी मिळून त्यांनी हस्तकला संघटना काढली. बाटिकचे (मेण लावून रंगवलेले) कापड आणि इतर वस्तू करून विकायच्या आणि पैसा एकत्र ठेवायचा. त्या पैशातून इंजंबाक्कमला समुद्राकाठी जमीन घेतली आणि 1966 मध्ये वस्ती सुरू झाली. सुरुवातीला आडबाजूची ही जागा, घरे साधी, पण मालकी कलावंतांची. सकाळी हस्तकलेचे काम आणि उरलेला वेळ स्वतःच्या चित्रशिल्पांना, अशी अनेकांची दिनचर्या होती. सरकारी अनुदानाची वाट न पाहता उत्पन्न आणि जमीन हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवले, यात या प्रयोगाचे मोठेपण आहे. पणिक्कर 1977 मध्ये वारले तरी वस्ती मोडली नाही. आज तिच्याभोवती चेन्नई शहर पसरले आहे, ईस्ट कोस्ट रोडवरच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि 2009 पासून तिथे मद्रास कलाचळवळीचे संग्रहालयही आहे.

मुंबईत कलेचा परिसर म्हटले की काळा घोडा डोळ्यांपुढे येतो. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला, पण नाव उरले. 1922 मध्ये खुले झालेले वस्तुसंग्रहालय (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय), 1952 ची जहांगीर आर्ट गॅलरी, 1996 पासूनचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय असा दाट संच देशात क्वचितच सापडेल. 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाले आणि 1999 पासून फेब्रुवारीत महोत्सव भरू लागला. जहांगीरच्या बाहेर पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या चित्रकारांना थेट गिऱ्हाईक मिळते, ही या भागाची फार मोलाची परंपरा. मात्र काळा घोडा ही दाखवण्याची जागा आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला कोल्हापूरचा किंवा कोकणातला मुलगा इथे चित्र टांगतो आणि रंगवतो ते दूरच्या उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत. जहांगीरमधले समोवार उपाहारगृह 2015 मध्ये आणि शेजारचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान 2016 मध्ये बंद झाले, तेव्हा कलावंतांच्या बसण्याउठण्याची ठिकाणेही कमी झाली.

काम करण्याची जागा देणारे ठिकाण मुंबईत एके काळी होते. ब्रीच कँडीजवळच्या भुलाभाई स्मृती संस्थेत 1950 आणि 1960 च्या दशकांत नाममात्र भाड्यात कार्यशाळा मिळत. वासुदेव गायतोंडे आणि हुसेन तिथे रंगवत, रविशंकर यांची किन्नर संगीतशाळा तिथेच चाले आणि इब्राहिम अल्काझींची नाटके गच्चीवर होत. चित्रकार, नट आणि सतारवादक एकाच जिन्याने ये-जा करत. पुढे संस्था बंद पडली, इमारतही गेली. तिची जागा घेणारे काही शहरात नंतर उभे राहिले नाही, हे मुंबईचे खरे नुकसान.

दुसरी संधी गिरणगावात, बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीवर होती. 1991 च्या विकास नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात करायची ठरवली होती. 2001 मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. ज्या भागाने अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरी ऐकली, तमाशाचे फड आणि कोकणी नमन-भारुडे पोसली, तिथे कलावंतासाठी राखीव असा गाळाही या सूत्रात नव्हता.

टिकाऊ कलावस्तीसाठी वापरली जाणारी साधने तशी थोडकीच आहेत. जमीन विश्वस्त संस्थेकडे ठेवून फक्त वापराचा हक्क देणे, सहकारी मालकी, पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात बिल्डरकडून कायमस्वरूपी कार्यशाळा घेणे आणि भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवणे. याखेरीज सामायिक ओतशाळा (धातू ओतण्याची जागा), भट्टी, छापयंत्र आणि तालमीची जागा लागते, कारण एकट्याला हा खर्च झेपत नाही.

कलावंत कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक योजनेत भांडणाचा ठरतो. प्रमाणपत्र देणारी समिती चित्रकाराला सहज ओळखते. ढोलकीवादक, नेपथ्यकार, मूर्तिकार तिच्या नजरेतून निसटतात. लालबाग-परळचे गणेशमूर्तींचे कारखाने शेकडो हातांना काम देतात, तरी अनेकांना दरवर्षी तात्पुरत्या मंडपासाठी महापालिकेकडे परवानगी मागावी लागते आणि हंगाम संपला की साचे ठेवायला जागा शोधावी लागते. त्यांच्यासाठी कलावस्ती आखायची तर उंच दरवाजा, ट्रॉली वळेल एवढा रस्ता, पाण्याची सोय, माती साठवायचे गोदाम आणि बाराही महिन्यांचा करार, एवढे नकाशावर आधी यावे लागेल.